नदीकाठची आणि माळावरची पोरं एकत्र कशी आणायची: तरुण मंडळांचं विभागीय जाळं उभारायचं सविस्तर गाईड

पूर आला की कोल्हापूर-सांगलीकडं माणसांची कमी कधीच पडत नाही. तालमीची पोरं, गणेश मंडळं, कॉलेजचे एनएसएसवाले, ट्रेकर ग्रुप, रक्तदानवाले, सर्पमित्र, सगळे आपापल्या परीने बाहेर पडतात आणि जीव तोडून काम करतात. कमी पडतो तो मेळ. ऑगस्ट २०१९ ला रस्त्याला लागून असलेल्या गावात एकामागून एक टेम्पो रिकामे होत होते आणि आतल्या गावात बिस्किटाचा पुडा पोचला नव्हता, हे त्या आठवड्यात फिरलेल्या कुणालाही विचारा. कपड्यांचे ढीग लागले पण जनावरांना वैरण नव्हती, आणि वैरण नाही म्हणून लोक गोठा सोडून बाहेर यायला तयार नव्हते.

हा मेळ पाण्यात उभं राहून घालता येत नाही, तो आधीच घालावा लागतो. म्हणून हे लिहितोय. उदाहरण कृष्णा-पंचगंगा खोऱ्याचं घेतलंय कारण ते जवळून माहितीये, पण तुम्ही वैनगंगेच्या काठी असा नाहीतर कोकणात, पायऱ्या बऱ्याचशा याच लागतील.

आधी विभाग ठरवा, आणि तो नकाशावर जिल्ह्याच्या रेषेने ठरवू नका

बहुतेक जण "आपण जिल्हास्तरीय समिती करू" इथून सुरुवात करतात. पण पाणी जिल्हा बघून येत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आधी कोल्हापूर शहराकडची प्रयाग चिखली, आंबेवाडी ही गावं हलवावी लागतात, मग तेच पाणी खाली शिरोळ तालुक्यात येतं, आणि तिकडं कोयनेचं पाणी कराड-सांगलीवरून कृष्णेतून येऊन नृसिंहवाडीला पंचगंगेला भेटतं. म्हणजे शिरोळच्या माणसाला कोल्हापूरकडचीही खबर पाहिजे आणि सांगली-साताऱ्याकडचीही. तीन जिल्हे इथंच झाले. पुढं राजापूर बंधाऱ्यानंतर कृष्णा कर्नाटकात जाते, चिकोडी-अथणी-रायबागकडं, तिथंही आपलेच पाहुणे राहतात, सोयरिकी आहेत, आणि पूर तोच.

तर पहिलं काम, एक मोठा कागद घ्या, नदी काढा, वरून खालपर्यंत गावं लिहा. हा तुमचा अर्धा विभाग.

उरलेला अर्धा लोक विसरतात, आणि माझ्या मते सगळं यश त्यावरच आहे. नदीकाठचे सगळे एकाच वेळी पाण्यात असतात. जुलै २०२१ ला तर चिपळूण, महाड, कोल्हापूर, सांगली सगळीकडं एकाच दोन-तीन दिवसांत पाणी होतं, मग कोण कुणाला मदत करणार? म्हणून जाळ्यात कोरडे तालुके पाहिजेतच. सांगली जिल्हा बघा, पश्चिमेला पलूस, वाळवा, मिरज पाण्यात आणि पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ पावसाची वाट बघत. तिकडं पुराच्या काळात रस्ते चालू असतात, वीज असते, ट्रॅक्टर असतात, पोरं मोकळी असतात. प्रत्येक पूरग्रस्त तालुक्याला एक कोरडा तालुका जोडी म्हणून ठरवून टाका. शिरोळ-जत, पलूस-आटपाडी, अशी जी तुम्हाला जमेल ती.

आणि ही जोडी एकतर्फी ठेवू नका, पावसाळ्यात माळावरची पोरं नदीकाठी आली की उन्हाळ्यात नदीकाठच्या पोरांनी माळावर श्रमदानाला गेलंच पाहिजे. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आलं तरी जतच्या काही गावांना अजून उन्हाळ्यात टँकर लागतात. बांध घालायला, गाळ काढायला, झाडं जगवायला हात लागतात. २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने महाराष्ट्रभर गावोगाव श्रमदान झालं, त्यात शहरातून येऊन राबलेली पोरं आणि गावकरी यांची ओळख नंतर कित्येक वर्षं टिकली. कायम फक्त घेणारा गट लाजतो आणि कायम फक्त देणारा गट कंटाळतो, दोन्ही बाजूंनी जाणं-येणं असलं की जाळं आपोआप उभं राहतं.

कोण कोण आहे त्याची यादी

यात घाई करू नका, दोन-तीन आठवडे लागू द्या. फक्त नोंदणी असलेल्या संस्था लिहिल्या तर निम्मी ताकद बाहेरच राहील. तालीम मंडळं, गणेश मंडळं, शिवजयंती मंडळं, कॉलेजची एनएसएस युनिट, माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप, बचत गटातल्या तरुण मुली, सायकलवाले, गिर्यारोहक, मासेमारी करणारी घरं ज्यांच्याकडं होडी आहे आणि ज्यांना पाण्याची ओढ कळते, हे सगळे यादीत पाहिजेत. तालुक्यात आपदा मित्र आहेत का तेही विचारा, सरकारच्या या योजनेत १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. बरेचदा ही प्रशिक्षित पोरं गावातच असतात आणि शेजारच्या मंडळाला पत्ता नसतो.

यादीत नाव आणि अध्यक्षाचा फोन एवढंच लिहून भागत नाही. अध्यक्ष फोन उचलत नाहीत, काम करणारा दुसराच असतो, त्याचा नंबर घ्या आणि सोबत आणखी एकाचा. मग काय आहे ते लिहा: होडी, यांत्रिक बोट, लाइफ जॅकेट किती आणि कुठल्या सालची, दोर, जनरेटर, ट्रॅक्टर-ट्रॉली, मोठी भांडी, चिखल काढायला फावडी-घमेली-पंप, कोरडा हॉल. उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळाची काहील, म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढईसुद्धा लिहा, पुरात काहिलीतून माणसं बाहेर काढलेली गावं इथं आहेत, पण ती शेवटचा उपाय म्हणून, लाइफ जॅकेट असल्याशिवाय नाही. पोहता कुणाला येतं, कन्नड कुणाला येतं, सुई टोचता कुणाला येते, हेही विचारा. आणि एक रकाना असा ठेवा की "आम्ही काय करू शकत नाही". हा रकाना भरून घेतला की नंतरचे निम्मे रुसवे टळतात.

हे सगळं एका साध्या ऑनलाइन शीटवर ठेवा आणि पावसाळ्याआधी प्रिंट काढून प्रत्येक गटाकडं एक कॉपी द्या, कारण पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतात आणि शीट उघडत नाही. लोकांचे नंबर आहेत तेव्हा ती यादी गावभर फॉरवर्ड होणार नाही एवढं सुरुवातीलाच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

पहिली बैठक

स्टेज नको, हार-तुरे नको, प्रमुख पाहुणे नको. एखाद्या शाळेच्या वर्गात नाहीतर मंदिराच्या ओवरीत गोल बसा. प्रत्येक गटाचे दोनच जण, त्यातली एक मुलगी असेल तर उत्तम, कारण निवारा केंद्रात बायकांना काय लागतं हे पोरांच्या लक्षात येत नाही, सॅनिटरी पॅडपासून रात्रीच्या बाथरूमच्या उजेडापर्यंत.

बैठकीत महासंघ, परिषद, फेडरेशन असले शब्द काढायचे नाहीत. नाव ठेवायला गेलात की पदं येतात, पदं आली की अध्यक्ष कोण यावर दोन तास जातात आणि चहा पिऊन सगळे घरी. त्याऐवजी एकच प्रश्न ठेवा: मागच्या पुरात तुमच्या गटाला सगळ्यात जास्त अडचण कशाची आली? प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं, मधे कुणी तोडायचं नाही, एकाने फळ्यावर लिहायचं. तासाभरात फळ्यावर तीच तीच चार वाक्यं दिसायला लागतात, खबर उशिरा मिळाली, रस्ता बंद आहे हे माहीत नव्हतं, सामान दुप्पट आलं, जनावरांचं काही ठरलं नव्हतं. ही चार वाक्यं तुमचा पुढचा अजेंडा.

एक छोटं काम एकत्र करा, पावसाआधी

इथं मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. विश्वास बैठकीतून बसत नाही, एकत्र घाम गाळल्यावर बसतो, म्हणून पहिलं संयुक्त काम असं निवडा की दोन रविवारात होईल, पैसे जवळजवळ लागणार नाहीत आणि डोळ्यांना दिसेल.

माझी शिफारस पूरखुणांची. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, सांगलीत आयर्विन पुलावर ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका. हे आकडे टीव्हीवर, मोबाईलवर सगळ्यांना येतात. पण आकडा ऐकून चिखलीच्या किंवा भिलवडीच्या म्हातारीला काय समजणार? तिला पाहिजे की एवढं पाणी झालं की माझ्या गल्लीत कधी येतं. तर पोरांनी गावात जायचं, जुन्या माणसांना बरोबर घ्यायचं, २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते विचारून विजेच्या खांबावर नको पण शाळेच्या, देवळाच्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर परवानगी घेऊन ठळक पट्टा मारायचा. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं, आयर्विनला ५७ च्या वर, हे आकडे त्या पट्ट्याजवळ लिहायचे. मग गावकऱ्यांकडून विचारून एक तक्ता करायचा, बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की आपला ओढ्यावरचा पूल बंद, तमुक फूट झालं की खालची गल्ली, त्यानंतर शाळेचं मैदान. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी दत्त मंदिरात शिरून दक्षिण दाराने बाहेर पडलं, की पाणी वाढतंय हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या कळतं, हा तक्ता त्याच जातीचं ज्ञान आहे, फक्त कागदावर उतरवलेलं.

या कामात सगळं येतं बघा. ट्रेकरला उंची मोजायला जमतं, मंडळाकडं रंग-ब्रश-शिडी असते, एनएसएसच्या पोरांना वर्षाचे १२० तास भरायचे असतातच, गावातल्या मंडळाला म्हातारी माणसं माहीत असतात, आणि कोरड्या तालुक्यातून आलेल्या पोरांना नकाशा पाठ होतो. पुढं पूर आला की जतचा ट्रॅक्टरवाला "ओढ्याच्या पुलाच्या अलीकडे थांबतो" असं स्वतःहून बोलतो, तेव्हा समजायचं काम झालं.

एक पानाचा लेखी ठराव

एक काम झालं, आता लिहून काढा. एकच पान, साधं मराठी. त्यात काय पाहिजे: आपण कोणत्या गावांपुरतं एकत्र आहोत, कोणता गट मुख्यतः काय करेल (बोट, जेवण, वैरण, औषध, सफाई), वाद झाला तर कोणते तीन जण निकाल देतील, निमंत्रक दर सहा महिन्यांनी बदलेल आणि वेगळ्या तालुक्याचा असेल, कुणालाही बाहेर पडायचं असेल तर महिनाभर आधी सांगून पडता येईल, रुसायचं कारण नाही.

आणि बॅनरचा नियम. हसू नका, आपल्याकडं जाळी तुटतात ती बॅनरवरून तुटतात. कुणाचं नाव वर, कुणाचा लोगो मोठा, कुठल्या नेत्याचा फोटो. सरळ ठरवा की संयुक्त कामात कुठल्याही पक्षाचा, नेत्याचा फोटो नाही, गटांची नावं एकाच आकारात, गावांच्या अकारविल्हे क्रमाने, आणि मदत घेणाऱ्या माणसाचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय फोटोत येणार नाही. आपापल्या पेजवर आपल्या कामाचं कौतुक ज्याचं त्याने खुशाल करावं. हा एक नियम पाळला गेला की वेगवेगळ्या विचाराची पोरंसुद्धा एका ट्रॉलीत बसतात.

फोन आणि ग्रुप

व्हॉट्सअ‍ॅपचे दोनच ग्रुप. एक खबरीचा, ज्यात फक्त प्रत्येक गटाचे दोन जण आणि फक्त कामाचे मेसेज, गुड मॉर्निंग केलं तर अ‍ॅडमिनने काढायचं. दुसरा गप्पांचा, त्यात काय ते करा.

खबरीच्या ग्रुपवर मेसेज ठरलेल्या साच्यातच यावा. समजा असा:

गाव आणि नेमकी जागा. किती वाजताची खबर. काय पाहिजे आणि किती (उदाहरणार्थ ४० जनावरांना दोन दिवसांची वैरण). कुठल्या रस्त्याने येता येतंय. तिथं सामान कोण घेईल, त्याचा फोन. स्वतः बघितलंय की ऐकलंय.

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. धरण फुटलं, अमुक ठिकाणी माणसं अडकली, असले मेसेज पुरात वाऱ्यासारखे पळतात आणि त्यापायी बोट भलतीकडं जाते. "ऐकलंय" असं लिहिलेल्या मेसेजवर गाडी हलवायची नाही, आधी त्या गावातल्या आपल्या माणसाला फोन. काम पूर्ण झालं की त्याच मेसेजला "पोचलं" असं उत्तर द्यायचं, म्हणजे दुसरा टेम्पो निघत नाही.

टॉवर गेले तर? प्रत्येक गावासाठी रोज दोन वेळा आणि एक जागा आधीच ठरवा, सकाळी ८ आणि संध्याकाळी ५ ला अमुक नाक्यावर एक माणूस चिठ्ठी घेऊन येईल. जुनी पद्धत आहे पण चालते.

पैसा आणि सामान

सुरुवातीला संयुक्त खातं काढूच नका. पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात, खर्च ज्याचा त्याने, आणि संयुक्त शीटवर फक्त कुणी काय आणलं आणि कुठं दिलं एवढं. कुणा एकाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर सगळ्यांच्या नावाने पैसे गोळा करणं तर अजिबात नको, माणूस कितीही चांगला असू दे, चार महिन्यांनी कुणीतरी हिशेब विचारतो आणि मन कडू होतं. दान नोंदणीकृत संस्थेलाच द्यायला सांगा, आयकर सवलतीची म्हणजे ८०जी ची पावती हवी असणाऱ्याला ती तिथंच मिळेल, आणि त्यातही २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही हे देणाऱ्याला आधीच सांगा. परदेशातले आपले मराठी लोक पुरात पैसे पाठवायला उत्सुक असतात, पण परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे "तुमच्या नावावर घ्या, आम्हाला पाठवा" हा शॉर्टकट बंद आहे. त्यांना मुख्यमंत्री सहायता निधी दाखवा.

सामानाचं सोपं आहे. जुने कपडे नको म्हणून स्पष्ट जाहीर करा. पहिल्या चार दिवसांत तयार जेवण, पाणी, वैरण, मेणबत्त्या, औषधं. पाणी ओसरल्यावर खराटे, फावडी, ब्लिचिंग, हातमोजे, गमबूट, चटया, शाळेच्या वह्या. दुसऱ्या टप्प्याला मदत आटते, कॅमेरे गेलेले असतात, आणि खरं राबायचं काम तेव्हाच असतं. कोरड्या तालुक्याच्या पोरांना मुद्दाम या दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

प्रशासन आणि जीव

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे आणि जिल्ह्याचं प्राधिकरण कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली असतं. पावसाळ्याआधी तालुक्याला आढावा बैठक होते. एप्रिल संपायच्या आत तहसीलदारांना पत्र द्या, सोबत आपली यादी आणि तो एक पानाचा ठराव, आणि बैठकीला बोलवा म्हणून विनंती करा. पोच घ्या. नियंत्रण कक्षाचा १०७७ सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजे. पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक यांना आधीच भेटून ठेवा, पुरात ओळख करून घ्यायला वेळ नसतो.

आता जे लिहितोय ते कृपया दोनदा वाचा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढताना बोट उलटली आणि कितीतरी माणसं गेली. पाण्यात उतरणं हे एनडीआरएफचं आणि प्रशिक्षित माणसांचं काम आहे. तुमच्या जाळ्यात पाण्यात जाणाऱ्यांची वेगळी, छोटी, लेखी यादी ठेवा, १८ च्या आतला कुणीही त्यात नाही, घरच्यांना माहीत असलं पाहिजे, लाइफ जॅकेटशिवाय पाय टाकायचा नाही, बोटीवर किती माणसं बसणार ते बोट चालवणारा ठरवेल आणि त्याचं "नाही" शेवटचं. बाकी सगळ्यांना काठावर एवढं काम असतं की दिवस पुरत नाही. चिखल काढणाऱ्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच, पायाला जखम असेल तर चिखलात उतरवू नका, लेप्टोची (घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) भीती असते, प्रतिबंधक गोळीचं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

सीमेपलीकडं

कर्नाटकातल्या गटांशी बोलताना तिकडच्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद टेबलावर आणू नका, तो सरकारं आणि कोर्टं बघतील. तुमचं काम खबरीचं. शिरोळमध्ये पाणी किती वाढलं हे अथणीच्या पोराला वेळेत कळलं तर तिथल्या काठची जनावरं वेळेत हलतात. एक कन्नड येणारा माणूस आपल्याकडं आणि एक मराठी येणारा त्यांच्याकडं, एवढ्यावर सुरुवात होते, निपाणी-चिकोडी भागात असे खंडीभर सापडतील.

जिवंत कसं ठेवायचं

एनएसएसचं पोरगं दोन वर्षांत कॉलेज सोडतं, मंडळाचा कार्यकर्ता पुण्याला नोकरीला जातो. म्हणून प्रत्येक गटाने दर जूनला एक नवीन माणूस निमंत्रकाच्या सोबत बसवायचाच. एनएसएसचं ७ दिवसांचं हिवाळी शिबिर जोडी तालुक्यात घ्या असं कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना सुचवा, बरेच जण आनंदाने ऐकतात. पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांत बैठक घ्या, आठवणी ताज्या असतात तोवर काय चुकलं, कुणाचं सामान कुणाकडं राहिलं ते लिहून काढा. बोट, जॅकेट, दोर दिवाळीनंतर उन्हात काढून तपासा, फाटलं असेल ते तेव्हाच टाकून द्या, जूनमध्ये सगळं महाग आणि घाईचं होतं.

आणि बैठकीची जागा फिरती ठेवा. पहिली नदीकाठी झाली असेल तर पुढची जतला किंवा आटपाडीला घ्या, शिरोळच्या पोरांनी एसटीने जायचं, रात्री तिथंच मुक्काम करायचा आणि सकाळी उठून बांधावर दोन तास फावडं मारूनच परत निघायचं.